शिजलेल्याचं वजन

रस्त्याच्या वळणावरच्या औषधाच्या दुकानात त्यांनी एकेचाळीस वर्षं पुड्या बांधल्या, म्हणून सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत. नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, दुकानाच्या जागी मोबाइलवाला येऊन बसला होता, पण नाव काही सुटलं नव्हतं. शेजारपाजारच्या बायका अजूनही भिंतीवरून विचारत, "कंपाउंडर, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" आणि कंपाउंडर आधी चष्मा पुसत, मग गोळीचं पाकीट दोनदा वाचत आणि मगच तोंड उघडत.

त्या एकेचाळीस वर्षांत त्यांनी एक नियम पाळला होता. खलात काय घातलं ते मोजायचं नाही, पुडीत काय गेलं ते मोजायचं. खलाला थोडं चिकटून राहतं, कागदाला थोडं लागतं, पंख्याच्या वाऱ्यानं थोडं उडतं. रोग्याच्या पोटात जातं ते पुडीतलं. म्हणून वजन शेवटी करायचं, अगदी हातात द्यायच्या आधी. दुकानात नवी पोरं कामाला येत तेव्हा हा नियम ते त्यांच्याकडून पाठ करून घेत. त्यांच्या हातून एकदाही पुडी चुकली नव्हती. ही बढाई नव्हे, दुकानाचे मालकच तसं सांगत.

मग बायको आजारी पडली.

आधी नुसता दम लागायचा. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा कठड्याशी गप्पा मारते." मग तापानं महिनाभर अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबत होते. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल. पण वजन एकोणचाळीस किलो. एवढ्याशा जिवाला भूल द्यायला कुणी तयार होणार नाही. "नऊ आठवड्यांनी या. बेचाळीस भरल्या तर लगेच ऑपरेशनची तारीख देतो."

इस्पितळातच आहाराचा सल्ला देणाऱ्या एक बाई होत्या. तरुण होत्या, चष्मा डोक्यावर चढवून बोलायच्या. त्यांनी एक छापील कागद भरून दिला. तांदूळ इतके ग्रॅम, डाळ इतकी, दूध, अंडं, ब्रेड, बटाटा, केळं, ओट, तेल. पुढे प्रत्येकाच्या कॅलरी, आणि तळाशी बेरीज, अठराशे चौदा.

"आजोबा, थोडी साखर वाढलेली आहे आणि हृदयावर ताणही नको," बाई म्हणाल्या. "म्हणून कमी नको, आणि मायेपोटी जास्तही नको. मोजून द्यायचं."

"बाई," कंपाउंडर म्हणाले, "मोजायचं म्हणताय ना? मग अगदी योग्य माणसाला सांगताय."

बायको बाकावरून म्हणाली, "संपलं! आता मला मीठसुद्धा पुडीतून मिळणार."

घरी आल्यावर त्यांनी तो कागद एका मोठ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. तांबड्या शाईनं रेघा आखल्या, काळ्या शाईनं आकडे लिहिले. कागदाच्या मागच्या बाजूला पाच-सहा ओळी होत्या. वर लिहिलं होतं, 'वजन कसे करावे'. ते मथळा वाचून हसले. वजन कसं करावं हे आता मला शिकवणार! कागद त्यांनी घडी करून खणात ठेवला आणि पुठ्ठा स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला. ओट्यावर लहान काटा मांडला आणि त्या दिवसापासून बायकोच्या ताटात जाणारा प्रत्येक घास आधी त्या काट्यावरून जाऊ लागला.

स्वयंपाक ते स्वतःच करायचे. भात शिजला की वाटीत घालून काट्यावर ठेवायचे. साठ ग्रॅम भरले की बस्स. मग डाळ, चाळीस ग्रॅम. सकाळची ओटची लापशीही तशीच, चाळीस ग्रॅम.

"अहो, हे कुणासाठी वाढलंय?" बायकोनं पहिल्याच दुपारी ताटाकडे बघून विचारलं. "खिडकीत चिमणी येते तिच्यासाठी का?"

"आजाऱ्याचं जेवण असंच असतं. थोडं थोडं."

"थोडं थोडं ठीक आहे, पण हे थोड्यातलं थोडं आहे."

"अगं, आकडा बरोबर आहे. ते बघ, लिहिलंय."

"आकडे तुम्ही खा, मला भात द्या."

दोघंही हसली. पहिले काही दिवस हा खेळच झाला. ती वाटी पुढे करायची, ते पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचे. ती म्हणायची, "पोटात कावळे ओरडतायत हो," ते म्हणायचे, "ओरडू देत, चार वाजता केळं आहे." ती खोटंखोटं रुसायची आणि ते चार वाजता केळं सोलून, काट्यावर ठेवून, मग तिच्या हातात द्यायचे. भूक लागते हे चांगलं लक्षण आहे, असं ते लेकीला फोनवर सांगायचे.

दर सोमवारी सकाळी ते तिला वजनाच्या मशीनवर उभं करत. पहिल्या सोमवारी एकोणचाळीसच होतं. दुसऱ्या सोमवारी पावणेएकोणचाळीस. ते म्हणाले, काट्याचा दोष असेल, आणि मशीनवर स्वतः उभे राहून पाहिलं. दोष नव्हता. चौथ्या सोमवारी अडतीसलाही थोडं कमी भरलं. मग ते काळजीनं आणखीच काटेकोर झाले. आधी भात साठाला एकसष्ट झाला तर चालवून घेत, आता दोन शितं काढून ठेवू लागले. कुठे काही जास्त जात असेल, त्यानंच साखर वाढून अंग झिजत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाचव्या आठवड्यात त्यांनी इस्पितळात फोन केला. आहाराच्या बाईंनी विचारलं, "ठरल्याप्रमाणे देताय ना?"

"ग्रॅमही इकडेतिकडे नाही."

"मग आजारच ताकद खातोय. चालू ठेवा."

लेक जेवणाच्या वेळी फक्त रविवारी असे. ती टपाल कचेरीत कामाला होती आणि तिला आठवड्यातून तेवढाच एक दिवस मोकळा मिळे. आईनं वाटी पुढे केली तेव्हा ताट बघून ती एकदा म्हणाली, "बाबा, एवढंसंच?" बाबांनी पुठ्ठा दाखवला. तिनं तो वरून खालपर्यंत वाचला, अठराशे चौदा हा आकडा पाहिला आणि गप्प बसली. त्या घरात बाबांच्या वजनाला आव्हान देणं म्हणजे घड्याळाला वेळ विचारून वर त्याच्याशीच भांडण्यासारखं होतं.

आणि हळूहळू बायकोनं मागणं बंद केलं. वाटी पुढे करेनाशी झाली. जे ताटात येईल ते खायची, बोट चाटायची, आणि पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. कंपाउंडरांना वाटलं, बरं झालं, सवय लागली.

नववा आठवडा संपत आला तेव्हा वजन साडेछत्तीस होतं.

लेकीची मुलगी अकरा वर्षांची होती. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळा सुटली की ती आजोळी यायची आणि आई कामावरून परतेपर्यंत तिथेच असायची. त्या आठवड्यात ती दार ढकलूनच ओरडली, "आजोबा, वाचवा!"

"काय झालं? कुत्रं लागलं मागे?"

"विज्ञानाच्या बाई लागल्यात! वही द्यायची आहे. घरातल्या एका माणसाचं एका दिवसाचं जेवण, त्याचं वजन, त्याच्या कॅलरी, त्यातली प्रथिनं. दोनच दिवस उरलेत."

"आणि माणूस कुठला घेणार?"

"आजी!" भिंगरी म्हणाली. "तिचं सगळं मोजलेलंच असतं ना. अर्धं काम तयार."

"बघा," आतून बायकोचा बारीक आवाज आला, "आळशी माणसाला युक्ती बरोबर सुचते. आईवर गेली आहे."

कंपाउंडर खूश झाले. शिकवणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते रस्त्यावरच्या पोरांना काचेच्या बरण्या दाखवत बसायचे. त्यांनी भिंगरीला टेबलाशी बसवलं, पेन्सिलीला टोक काढून दिलं आणि विचारलं, "कॅलरी म्हणजे काय?"

"जाड व्हायची गोष्ट."

"छट्! कॅलरी म्हणजे चुलीतलं जळण. तू जिन्यावरून धावत आलीस ना, ते जळण जाळून आलीस. झोपलीस तरी चूल मंद चालूच असते. हृदय चालतं, श्वास चालतो. जळण कमी पडलं की शरीर काय करतं माहीत आहे? घरातलंच लाकूड मोडायला लागतं. आधी फळ्या, मग खुर्च्या, मग दारं."

"आणि प्रथिनं?"

"प्रथिनं म्हणजे विटा. भिंत बांधायला आणि पडली तर पुन्हा उभी करायला. लोह, कॅल्शियम हे खिळे आणि बिजागऱ्या. आणि जीवनसत्त्वं म्हणजे मुकादम. स्वतः वीट उचलत नाही, पण तो नसेल तर गवंडी नुसते विड्या ओढत बसतात."

भिंगरी हसली. "आणि पाणी?"

"पाणी सगळ्यात असतं. काकडीत असतं, दुधात असतं, तुझ्या डोक्यात तर निव्वळ तेच आहे. पाण्याला वजन असतं, पण कॅलरी शून्य. हे लक्षात ठेव. काट्याला पाणी कळतं, चुलीला कळत नाही."

भिंगरीनं ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं.

मग ती आजीच्या ताटाशेजारी बसून वजनं लिहून घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुस्तकातला तक्ता उघडला आणि गुणाकार करत बसली. कंपाउंडर बटाटे सोलत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजोबा, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"तुमच्या पुठ्ठ्यावर अठराशे चौदा आहे. माझं बाराशे चौतीस येतंय."

"हातचा विसरली असशील. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. बाराशे चौतीस. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ते हात पुसून शेजारी येऊन बसले. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तपासू लागले. दूध जुळलं. अंडं जुळलं. ब्रेड, बटाटा, केळं, तेल, सगळं जुळलं. भाताशी बोट थांबलं.

"इथे चुकलीस. तांदळाच्या शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी असतात. तू एकशे तीस धरल्यास."

"नाही आजोबा, पुस्तकात दोन ओळी आहेत ना," भिंगरी म्हणाली. "ही बघा. 'तांदूळ, कच्चा' साडेतीनशे. 'भात, शिजलेला' एकशे तीस. तुम्ही तर आजीला भात मोजून देता, तांदूळ नाही. म्हणून मी खालची ओळ घेतली. डाळीचं आणि ओटचं पण तसंच. शिजलेल्यात पाणी असतं ना. तुम्हीच सांगितलं काल."

कंपाउंडरांनी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. ते उठले. डब्यातून तांदूळ काढले, काट्यावर साठ ग्रॅम मोजले आणि पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवले. मग तिथेच उभे राहिले. भिंगरी दोन वेळा काहीतरी विचारायला गेली, पण त्यांची पाठ बघून परत बसली. पाणी उकळलं, आटलं, झाकण थरथरलं. त्यांनी गॅस बंद केला, भात वाटीत काढायला घेतला. वाटी भरली. दुसरी घेतली. तीही भरत आली. दोन्ही काट्यावर ठेवल्या आणि वाट्यांचं वजन वजा केलं.

एकशे बासष्ट.

नऊ आठवडे, दिवसातून दोनदा, त्यांनी यातले साठ ग्रॅम तिला दिले होते आणि उरलेला भात स्वतः खाल्ला होता.

त्यांनी खण उघडला. कागद उलटा केला. 'वजन कसे करावे' याखाली पहिलीच ओळ होती. सर्व वजने कच्च्या, न शिजवलेल्या पदार्थांची आहेत. त्या ओळीखाली बाईंनी निळ्या पेनानं रेघही मारली होती.

"आजोबा," भिंगरीचा आवाज अगदी लहान झाला होता, "माझं चुकलं का?"

"नाही," ते म्हणाले. "तुझं बरोबर आलं." आणि मग, कारण तिला उत्तर बरोबर आल्यावर ते नेहमी म्हणत, म्हणून सवयीनं म्हणाले, "शाबास."

परवा दिवशी इस्पितळात जायचं होतं.

लेक येऊन भिंगरीला घेऊन गेली. लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही, आधी जिला सांगायला हवं होतं तिला सांगायचं होतं. संध्याकाळच्या उजेडात बायको उशीला टेकून बसली होती. ते खाटेच्या कडेवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कच्चं, शिजलेलं, पाणी, मागची ओळ. चाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी हिशेब दिला नव्हता, तिनंही कधी मागितला नव्हता.

ती उशीवरून जरा सरळ झाली.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी हावरट नव्हते?"

"अगं..."

"मला वाटलं, म्हातारपणी जीभ सुटली माझी. सारखं खायचंच डोक्यात. झोपेतसुद्धा ताट दिसायचं. मग वाटलं, जायची वेळ आली की माणसाला अशी भूक लागत असेल. कुणाला विचारणार?" ती थांबली. दम लागला होता. "तुम्ही दूध आणायला गेलात की मी दोनदा ब्रेडचे तुकडे चोरून खाल्ले. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी एकेक शीत मोजतोय आणि मी चोरी करतेय."

कंपाउंडरांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं.

"रडू नका," ती म्हणाली. "रडून कुणाचं वजन वाढलंय? जा, तो भात आणा. दोन वाट्या केलाय म्हणता ना?"

त्यांनी भात गरम केला, वर डाळ घातली, तेल घातलं. काही मोजलं नाही. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. पाचव्या घासानंतर चमचा ताटात ठेवला.

"घे ना अजून."

"नाही जात हो," ती म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं. "पोटच एवढंसं झालंय."

इस्पितळात वजन भरलं छत्तीस किलो दोनशे ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा विषय नको, आधी ताकद येऊ दे. कंपाउंडरांनी आहाराच्या बाईंच्या टेबलावर तो कागद उलटा करून ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांना वाटत होतं बाई ओरडतील. बाईंनी ओरडावं असंच त्यांना वाटत होतं. पण बाई हळूच म्हणाल्या, "फोनवर मीसुद्धा विचारायला हवं होतं, कच्चं की शिजलेलं." मग समजावून सांगितलं की उपाशी शरीराला एकदम पोटभर दिलं तर हृदयाला झेपत नाही. दर चार दिवसांनी थोडं थोडं वाढवायचं. म्हणजे पुन्हा मोजायचंच, आणि आता तिनं मागितलं तरी एकदम द्यायचं नाही.

लेक बाहेरच्या व्हरांड्यात उभी होती. तिला तिथेच कळलं.

"आई मागत होती ना, बाबा?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "माझ्यासमोर मागितलं होतं तिनं. तोंड उघडून मागितलं होतं. आणि तुम्ही तिला पुठ्ठा दाखवलात."

"हो."

"आणि मी तो वाचला," लेक म्हणाली, "आणि गप्प बसले." मग ती त्यांच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. येत होती, आईला भरवत होती, जात होती. बाबांनी दार उघडलं की चपला काढताना खाली बघायची.

कंपाउंडर आता तांदूळ कच्चे मोजत. आधी तीस, मग चाळीस, मग पन्नास. मोजायचं काम कधी कधी लेकच करायची. पहिल्या आठवड्यात वजन हललं नाही. तिसऱ्यात सदतीस झालं. बायकोच्या गालाला जरासा रंग आला, आणि एक दिवस तिनं पूर्वीसारखी वाटी पुढे केली.

"काय हो, आज चिमणीनं भात कमी खाल्ला वाटतं? मला जास्त आलाय."

लेकीला हसू आलं आणि ती बाबांकडे बघून हसली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा.

सातव्या सोमवारी वजन अडतीस किलो चारशे ग्रॅम भरलं. बायको मशीनवरून उतरताना म्हणाली, "बेचाळीस काही लांब नाही." गुरुवारी सकाळी तिनं दूध मागितलं. ते गरम करून आणेपर्यंत ती गेली होती. मान एका बाजूला झुकली होती, बस्स. कंपाउंडर हातात पेला घेऊन उभेच राहिले, दुधावर साय धरेपर्यंत.

नंतर इस्पितळात जाऊन विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, झडपच फार खराब होती. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तरी काय झालं असतं, सांगता येत नाही.

"किती?" कंपाउंडरांनी विचारलं. "झडपेनं किती आणि माझ्यामुळे किती?"

"आजोबा, असं सांगता येत नाही."

"अंदाजे तरी."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

लोक आले, बसले, गेले. लेक सगळ्यांना सांगत होती, झडप खराब होती. तिनं बाबांचं नाव कुणापुढे काढलं नाही. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते ऐकत आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटे, उठून सांगावं. पण लेकीच्या चेहऱ्याकडे बघून ते बसून राहत.

तीन आठवडे गेले. एक गोष्ट त्यांच्या हळूहळू लक्षात आली. भिंगरी येत नव्हती. लेकीला विचारलं तर म्हणाली, "अभ्यास आहे म्हणते. शाळा सुटली की थेट घरी जाते, किल्ली मागून घेतली आहे माझ्याकडून." मग जरा थांबून, "फार गप्प असते, बाबा. मी समजले, आजी गेली म्हणून."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पोरांचा लोंढा बाहेर आला. भिंगरी सगळ्यांच्या मागून एकटीच चालत येत होती. आजोबांना बघून ती दचकली, मागे वळायला गेली आणि मग आली.

दोघं चालू लागली. पिठाची गिरणी गेली, सायकलवाल्याचं दुकान गेलं.

"माझ्यावर रागावलीस?" शेवटी त्यांनी विचारलं. "रागावली असशील तर बरोबर आहे."

तिनं जोरजोरात मान हलवली. आणि मग चालता चालताच, समोर बघत, घाईघाईनं बोलली. "ती वही बाईंनी महिनाभर आधीच सांगितली होती. मी करत नव्हते. रोज उद्या करू म्हणायचे. आधी केली असती तर आधीच कळलं असतं ना. आजीला तेव्हाच जास्त दिलं असतं. वजन भरलं असतं. मी आळस केला, म्हणून..."



कंपाउंडर थांबले. बाजूला एका घराची बुटकी भिंत होती, तिच्यावर ते बसले आणि तिला समोर उभं केलं, म्हणजे डोळे डोळ्यांसमोर येतील. कितीतरी पोरांना त्यांनी असं समोर उभं करून कितीतरी गोष्टी समजावल्या होत्या.

"नीट ऐक," ते म्हणाले. "कागद घरी आला त्या दिवशी चूक झाली. तू त्या वेळी शाळेत होतीस. तो कागद उलटा करून वाचायचा होता, मी वाचला नाही. मला वाटलं, मला सगळं येतं. आजी भूक लागली म्हणत होती. काट्यापेक्षा तिचं तोंड बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही. यात तू कुठे आहेस? सांग."

"पण वही..."

"वहीमुळे कळलं. तीन मोठी माणसं ते ताट बघत होती, त्यांना कळलं नाही. तू विचार करून खालची ओळ घेतलीस. त्यानंतर आजीला सात आठवडे पोटाला मिळालं. भूक लागणं म्हणजे हावरटपणा नव्हे, हे तिला कळून ती गेली. तू केलंस ते एवढं आहे. जे केलं नाहीस ते तुझ्या अंगावर घेऊ नकोस."

भिंगरीनं नाक पुसलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला, अवघड गणिताची वाट सापडल्यावर उजळायचा तसा.

"पण आजोबा, डॉक्टर म्हणाले ना, झडपच खराब होती! आई सगळ्यांना तेच सांगते. मग तुमची पण चूक नाही!"

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. पोर समोर हात पसरून देत होती आणि तिला स्वतःलाही त्यानं हलकं वाटलं असतं.

"झडप खराब होती, हे खरं," कंपाउंडर सावकाश म्हणाले. "आजी उपाशी राहिली, हेही खरं. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही, बाळा. दोन्ही लिहून ठेवावं लागतं."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"मग तुम्ही ते एकटेच धरून बसणार?" तिनं विचारलं.

ते भिंतीवरून उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "चल. आई यायची वेळ होईल."

ती निघाली. दोन पावलं पुढे गेली आणि त्यांची चाल बघून पुन्हा मागे येऊन त्यांच्या बरोबरीनं चालू लागली.